स्तनाग्रस्राव, रजोनिवृत्तीनंतरचा

मासिक पाळी कायमची थांबल्यावर स्तनाच्या बोंडीतून पाण्यासारखा, रक्तमिश्रित, दुधाळ किंवा हिरवट-काळसर द्रव येणे. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. या स्रावाची कारणे बहुतेक वेळा कर्करोगाची नसतात. तरी कर्करोगाचे प्रमाण वयाबरोबर वाढत असल्याने तपासणी टाळू नये.

न दाबता, एकाच स्तनाच्या एकाच रंध्रातून येणारा रक्तमिश्रित किंवा स्वच्छ पाण्यासारखा स्राव अधिक संशयास्पद असतो. दाबल्यावरच, अनेक रंध्रांतून किंवा दोन्ही बाजूंनी येणारा हिरवट स्राव बहुधा निरुपद्रवी असतो. केवळ रंगावरून निदान होत नाही. खात्री करण्यासाठी बोंडी वारंवार दाबत राहिल्यास स्राव चालूच राहतो.

बोंडीत १५ ते २० दुग्धवाहिन्या उघडतात असे पाठ्यपुस्तकांत आढळते. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदांच्या १८४० मधील विच्छेदनाधारित ग्रंथात मात्र प्रत्यक्ष खुल्या वाहिन्या त्याहून कमी दिसतात. स्तनदा स्त्रियांच्या सोनोग्राफीवर आधारलेल्या २००५ मधील ऑस्ट्रेलियन अभ्यासात त्या सरासरी सुमारे ९ भरल्या. हीच संख्या वास्तवाला जवळची दिसते.

वाहिनीतील अंकुरार्बुद (पॅपिलोमा, म्हणजे बहुधा निरुपद्रवी अशी छोटी वाढ) हे एका रंध्रातून येणाऱ्या रक्तस्रावाचे नेहमीचे कारण. दुसरे कारण दुग्धवाहिनी-विस्फारण, म्हणजे वाहिनी फुगून रुंद होणे. त्यात बोंडी आडव्या चिरेसारखी आत ओढली जाते आणि कर्करोगाचा भास होतो. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जोसेफ ब्लडगुड यांनी १९२३ मध्ये फुगलेल्या वाहिन्यांचे वर्णन केले. फ्रँक अडेअर यांनी १९३३ मध्ये प्लाझ्मा पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) दाहावर भर दिला. साचलेल्या द्रवाने वाहिनी आधी फुगते, तो भिंतीबाहेर झिरपतो आणि मग दाह होतो, असे कुशमन हॅगनसेन यांनी १९५१ मध्ये मांडले. दाह आधी होतो व त्यामुळे भिंत दुबळी होऊन फुगते, असा उलट पक्षही होता. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासांनुसार हे दोन वेगळे विकार असावेत : वाहिनीभोवतीचा दाह तरुण, धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत, विस्फारण वाढत्या वयात. रुग्णांच्या वयाशी हे मत अधिक जुळते.

दुधाळ स्राव या वयात विरळा. प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारे संप्रेरक) वाढवणारी औषधे, थायरॉइडची मंदता किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीची गाठ यांमुळे तो येऊ शकतो. प्रोलॅक्टिन वाढवणारे लेव्होसल्पिराइड व डोमपेरिडोन हे घटक आपल्याकडे आम्लपित्तावरच्या संयुक्त गोळ्यांत सर्रास असतात. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवणे फार उपयोगाचे ठरते.

बोंडीवरची इसबासारखी, मलमाने न हटणारी खपली हे पॅजेट रोगाचे (बोंडीच्या त्वचेत दिसणाऱ्या स्तनकर्करोगाच्या एका प्रकाराचे) लक्षण असू शकते. जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये अशा १५ रुग्णांची नोंद केली होती.

मॅमोग्राफी व सोनोग्राफी निर्दोष आली तरी संशयास्पद स्रावाचा शोध थांबवत नाहीत; एमआरआय करतात किंवा ती एकच वाहिनी काढून तपासतात. स्रावातील पेशींची तपासणी कर्करोग नाकारण्यास पुरेशी नसते. सर्व प्रमुख वाहिन्या काढण्याची शस्त्रक्रिया हॅडफील्ड यांच्या नावाने (१९६०) ओळखली जाते.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ च्या निष्कर्षांनुसार सर्व वयोगट मिळून स्तनकर्करोगाच्या मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र हे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.