नर्मदेचा काठ नेमका किती किलोमीटर?

नंदुरबार-शहाद्याकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांमध्ये एक वाद हमखास रंगतो. महाराष्ट्रात नर्मदेची लांबी किती? मार्गदर्शक पुस्तकं बहुधा ५४ किलोमीटर सांगतात. अधिकृत विभागणी बघितली तर नदीच्या एकूण १३१२ किलोमीटरपैकी १०७७ मध्य प्रदेशात, ३५ मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवर, ३९ महाराष्ट्र-गुजरात सीमेवर आणि १६१ गुजरातेत. पस्तीस आणि एकोणचाळीस चौऱ्याहत्तर. मग वीस किलोमीटर नदी गेली कुठे?

या वादात आता काठाने चालणाऱ्यांची भर पडली आहे. नर्मदेकाठच्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे तिथल्या डोंगरी जंगलात, कोणी परिक्रमेसाठी येतं, कोणी नुसतं सातपुडा बघायला. मनगटावर घड्याळ असतंच. सकाळी एका पाड्यावरून बरोबर निघालेल्या दोघांची घड्याळं संध्याकाळी वेगवेगळं अंतर दाखवतात आणि मग ‘तुझं घड्याळ स्वस्तातलं’ इथून गाडी सुरू होते. घड्याळाकडे नंतर वळू. मुळात प्रश्नच अर्धवट आहे. वेड्यावाकड्या काठाची लांबी विचारायची तर मोजायला पट्टी केवढी घेतली, हे आधी सांगावं लागतं. ५४ असो की ७४, आकड्यासोबत पट्टी कधीच छापलेली नसते. कुठून कुठपर्यंत मोजलं, वळणं धरली की काटली, तेही नसतं. (परीक्षेत मात्र तुमच्या पुस्तकात असेल तेच लिहा. परीक्षकाशी भूमिती काढून उपयोग नसतो.)

हा घोळ पहिल्यांदा नीट पकडला तो लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने. हवामानाचं गणित मांडणारा हा माणूस युद्धाच्या विरोधात होता आणि पहिल्या महायुद्धात त्याने रुग्णवाहिका चालवली. दोन देशांची सामाईक सीमा जितकी लांब तितकी युद्धाची शक्यता जास्त असते का, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी सीमांच्या लांब्या गोळा करायला बसला तर आकडेच जुळेनात. स्पेन आणि पोर्तुगाल यांची एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी १२१४. रिचर्डसन १९५३ मध्ये गेला, हे काम छापून आलं १९६१ मध्ये. पुढे १९६७ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा साधा दिसणारा प्रश्न विचारून त्यातून नवी भूमितीच उभी केली.

कंपासपेटीतलं कर्कटक घ्या. नकाशाच्या प्रमाणात त्याची टोकं एक किलोमीटर अंतरावर उघडा आणि काठावरून टोकाटोकाने चालवत न्या. एक किलोमीटरहून लहान वळणं आपोआप गाळली जातात. आता टोकं शंभर मीटरवर आणा. मघाशी गाळलेली वळणं मोजली जातील आणि बेरीज वाढेल. दहा मीटरवर आणली की आणखी वाढेल.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, मोजणी जास्त अचूक होत गेली. इथेच खरी गंमत आहे. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ असंच मोजून बघा. एक किलोमीटरच्या पावलाने सहा पावलं, म्हणजे ६ किलोमीटर. आत बाराकोन बसवला तर ६.२१, चोवीसकोन बसवला तर ६.२७. वाढ मंदावत जाते आणि बेरीज ६.२८ च्या पुढे कधीच जात नाही. वर्तुळाला एक खरी लांबी आहे, तुम्ही तिच्या जवळ जाता. खडबडीत काठाच्या बाबतीत बेरीज अशी थांबतच नाही, कारण प्रत्येक वळणाच्या पोटात लहान वळणं असतात आणि त्यांच्या पोटात आणखी लहान.

रिचर्डसनला या वाढीतही नियम सापडला. पट्टी हजारपट लहान केली तर लांबी १००० च्या (मि − १) व्या घाताइतक्या पटीने वाढते. मि म्हणजे त्या काठाची मिती, काठ किती वेडावाकडा आहे ते सांगणारा आकडा. सरळ रेषेची मिती १. दक्षिण आफ्रिकेचा गुळगुळीत किनारा १.०२, ब्रिटनचा फाटका पश्चिम किनारा १.२५. आता १००० चा ०.०२ वा घात होतो सुमारे १.१५, म्हणजे किलोमीटरऐवजी मीटरने मोजलं तरी दक्षिण आफ्रिकेचा किनारा जेमतेम पंधरा टक्क्यांनी वाढेल. पण १००० चा ०.२५ वा घात होतो ५.६. किलोमीटरच्या पट्टीने शंभर भरलेला किनारा मीटरच्या पट्टीने साडेपाचशेच्या वर जातो! घातांक बघून डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा की मिती जितकी मोठी, तितका चालणाऱ्याचा घाम जास्त.

आता अक्राणी-अक्कलकुव्याच्या काठाकडे येऊ. नर्मदा वाहती होती तेव्हा तिचा काठ तिने स्वतः घडवलेला होता. दरवर्षीचा पूर पुढे आलेले कोपरे झिजवायचा, खाचांमध्ये गाळ भरायचा. खडकाळ दरी असली तरी काठ एका प्रवाहाच्या शिस्तीत होता, आणि नाल्याच्या मुखाशी आठ-दहा धोंड्यांवरून उड्या मारत पलीकडे जाता यायचं. सरदार सरोवराचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा काठोकाठ, म्हणजे समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. आताचा काठ म्हणजे सातपुड्याच्या अंगावर १३८.६८ मीटर उंचीवर ओढलेली समोच्चरेषा. ती घडवण्यात नदीचा काहीच हात नाही, ती डोंगराने घडवली आहे. आणि हा डोंगर बेसॉल्टचा, नाल्यांनी कोरलेला, नाल्यांना उपनाले, उपनाल्यांना घळी. पाणी या सगळ्यांत शिरून बसलं आहे. झाडाच्या फांद्यांसारखी रचना जिथे आधीच होती तिथे तिच्या कडेकडेने रेघ ओढली, तर ती रेघ फाटकी निघणारच.

भरलेल्या जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ३७५ चौरस किलोमीटर. भागून बघा, सरासरी रुंदी पावणेदोन किलोमीटर येते. तेवढ्या मापाचा नुसता आयत काढला तरी त्याची परिमिती चारशे तीस किलोमीटरच्या वर जाते. खरा काठ त्याच्या किती पुढे जाईल, ते तुमच्या पट्टीवर.

चालणाऱ्याला याची किंमत कशी मोजावी लागते त्याचा हिशेब सोपा आहे. समजा जुन्या मुखाशी पाणी साठ मीटर चढलं आणि नाल्याच्या तळाचा चढ चाळीस मीटरला एक मीटर आहे. मग फुगवटा, म्हणजे धरणाचं नाल्यात मागे चढलेलं पाणी, ६० गुणिले ४०, म्हणजे २४०० मीटर आत शिरतो. पलीकडचा पाडा हाकेच्या अंतरावर दिसत असतो, पण पायी जायचं तर २.४ किलोमीटर आत आणि तितकंच बाहेर. चढ शंभराला एक असेल तर आत सहा, बाहेर सहा. उदईसारख्या मोठ्या उपनदीचा फुगवटा तर पायी वळसा घालून जाण्याच्या पलीकडचाच. म्हणून या पट्ट्यात माणसं बोटीने जातात, दवाखानासुद्धा बोटीवर तरंगत येतो. परिक्रमावासीयांना पूर्ण परिक्रमा होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नसते. नदी उजव्या हाताला ठेवून ते काठ सोडतात आणि धडगाव-काठी-मोलगीच्या बाजूने वर चढतात, किंवा त्याहून खाली शहादा-प्रकाशा-तळोदा-अक्कलकुवा असा सडकेचा रस्ता धरतात.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘प्रत्येक नदीची लांबी भागिले तिच्या उगम-मुखातलं सरळ अंतर बरोबर ३.१४ येतं, हा निसर्गाचा गुप्त संकेत’ असा एक संदेश मोबाईलवर फिरत असतो. सपाट मैदानातून मोकळेपणी नागमोडी वाहणाऱ्या आदर्श नदीबद्दलचा तो एक सैद्धांतिक अंदाज होता, त्याला कोणीतरी शेंदूर फासला. नर्मदेचं बघा. अमरकंटक ते खंबातचं आखात सरळ अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आतबाहेर. १३१२ ला त्याने भागलं तर १.४ येतं. विंध्य आणि सातपुड्याच्या मधल्या खचदरीतून वाहणाऱ्या नदीला वळायला मोकळीकच कमी. आणि लांबी पट्टीवर ठरत असेल तर गुणोत्तरही पट्टीवरच ठरणार, मग संकेत कसला?

घड्याळांचं राहिलं. घड्याळ उपग्रहांच्या मदतीने ठरावीक वेळाने तुमची जागा टिपतं आणि ते ठिपके जोडून अंतर काढतं. मिनिटाला एक ठिपका घेतला तर वळणं काटली जातात आणि अंतर कमी भरतं, म्हणजे ही लांब पट्टीच झाली. सेकंदाला एक घेतला तर प्रत्येक ठिपक्याची काही मीटरची चूक वाटेला खोटी नागमोड देते आणि अंतर फुगतं. खोल घळीत अर्धं आकाश झाकलेलं, संदेश कड्यांवर आपटून येतात, तिथे चूक आणखी वाढते. न्याहारीला बसलात तरी मीटर पळतच असतो. दोन्ही घड्याळं आपापल्या पट्टीने खरं बोलत असतात.

इथले पावरा आणि भिल्ल गावकरी काठ धरून चालतच नाहीत. ते डोंगराची धार धरतात, कारण धारेवर नाला आडवा येत नाही. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला होता: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे दोनशे मीटर चढून धार गाठायला वीस मिनिटं जादा लागतात. वरच्या १२ किलोमीटरच्या वळशाला जवळजवळ अडीच तास जातात. धारेवरून जाणारी माणसं हे गणित कधी कागदावर मांडत नाहीत, पण वाटा त्याच हिशेबाने पडलेल्या दिसतात.

जाणार असाल तर निघण्यापूर्वी धरणाची त्या दिवसाची पातळी बघा. वापरासाठी पाणी ११०.६४ मीटरपर्यंत उतरवता येतं, म्हणजे पूर्ण पातळीपेक्षा २८ मीटर खाली. चाळीसाला एक अशा चढाच्या नाल्यात त्यामुळे फुगवटा अकराशे मीटरच्या आसपास मागे हटतो. सप्टेंबरात घड्याळात नोंदवलेली वाट मे महिन्यात वापरली तर ती तुम्हाला उगाच वर फिरवेल. उलट मेमधली नोंद सप्टेंबरात वापरली तर ती थेट पाण्यात नेईल. आणि उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसला तरी त्याच्यावर पाय टाकण्याआधी पाड्यावर विचारा.