आपल्या पंख्यातले इलेक्ट्रॉन

भाचीच्या नवव्या वाढदिवसाला काही घ्यावं म्हणून खेळण्यांच्या दुकानात गेले होते. वरच्या फळीवर सर्किटचं किट दिसलं. मोटर, बझर, एलईडी, सगळं होतं. खोक्यावर चित्र मात्र दोन मुलग्यांचं. काढून दाखवा म्हटलं तर दुकानदार म्हणाला, "मुलगी आहे ना मॅडम? मग हे बघा, ज्वेलरी मेकिंग." मी दोन्ही तिथेच ठेवली आणि समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि वीतभर वायर घेतली. तिथे एक गिऱ्हाईक 'एक मेल पिन, एक फीमेल पिन' मागत होतं. म्हणजे तिथेही आहेच.

घरी भाची आणि तिचा अकरा वर्षांचा दादा, दोघांना बसवलं. सेल, बल्ब, वायरचा एकच तुकडा. पेटवा. दादाने लगेच वायरचं एक टोक सेलच्या वरच्या घुंडीला आणि दुसरं बल्बच्या बुडाला लावलं. काही नाही. भाचीचे हात मांडीवरच. "मला शॉक बसेल. आजी म्हणते, दादाला करू दे." दीड व्होल्टच्या सेलने शॉक बसत नाही, हे तिला सेल हातात देऊनच पटवावं लागलं. घरातल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात आणि ते जीव घेऊ शकतात. पण ते दादाचाही घेतात, हे आजी सांगत नाही.

मग भाचीनेही अगदी दादासारखंच केलं, म्हणजे चुकीचंच. या चुकीत मुलगा-मुलगी असा फरक नसतो. अमेरिकेत एमआयटीच्या ताज्या पदवीधरांना, अंगावर झगे असतानाच, हेच तीन जिन्नस दिले गेले होते. त्यांतलेही कित्येक अडकले. सगळ्यांच्या डोक्यात नळ असतो: टाकीतून पाणी निघालं, बल्बपर्यंत पोचलं, संपलं. प्रत्यक्षात बल्बलाही दोन टोकं असतात, बुडाचा ठिपका आणि भोवतीची धातूची टोपी. ठिपका सेलच्या घुंडीवर टेकवा, टोपीपासून वायर सेलच्या बुडाला न्या, की वाट पूर्ण होते. बल्ब मंद पेटला. जितका प्रवाह बल्बमध्ये शिरतो तितकाच बाहेर पडतो. प्रवाह म्हणजे तारेतून सरकणारे विद्युतभारित सूक्ष्म कण, इलेक्ट्रॉन. बल्ब ते खात नाही.

आता माझा आवडता भाग. तांब्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन किती? ८५ वर अठरा शून्यं, इतके. तारेतून १ अँपिअर प्रवाह जातो तेव्हा दर सेकंदाला साधारण ६ वर अठरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन एका जागेवरून पुढे सरकतात. भागाकार करा. १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेत तेवढ्यासाठी इलेक्ट्रॉनांच्या गर्दीला सेकंदाला ०.०७ मिलिमीटर सरकलं की पुरतं. गोगलगाय यापेक्षा कितीतरी वेगवान! सेलवर चालणाऱ्या सर्किटात ४ मीटर तार ओलांडायला एका इलेक्ट्रॉनला पंधरा तास लागतील.

मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते, आणि 'सरका' हा हुकूम जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो. हुकूम म्हणजे विद्युत क्षेत्र, इलेक्ट्रॉनांना ढकलणारा विजेचा जोर. ते तारेच्या आत सगळीकडे सारखं कसं राहतं? तारेच्या पृष्ठभागावर विद्युतभाराचा अगदी पातळ थर जमतो, सेलच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे तो हळूहळू बदलत जातो आणि त्या उतारामुळे आतलं क्षेत्र तारेच्या दिशेने राहतं. तार वाकली की वळणावर मोजके इलेक्ट्रॉन अडकतात आणि मागून येणाऱ्यांना वळायला लावतात. (इथे दादा उठून क्रिकेट खेळायला गेला. त्याचं काही चुकलं असं नाही.)

घरातल्या विजेत तर आणखी गंमत. तिची दिशा सेकंदाला पन्नास वेळा जाऊन परत येते, म्हणून इलेक्ट्रॉन जागच्या जागी डोलतात. त्याच तारेत, त्याच १ अँपिअरला त्यांचा झोका एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो.

मधेच वहिनीने फोन पुढे केला: एका लिंबाने घरातला बल्ब पेटवण्याचा व्हिडिओ. लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसली तर एक व्होल्टच्या आसपास दाब मिळतो खरा, पण प्रवाह इतका किरकोळ की आमचा टॉर्चचा बल्बही पेटणार नाही. शिवाय ऊर्जा लिंबाची नसतेच, झिजणाऱ्या जस्ताची असते. दारावरच्या लिंबाने दृष्ट निघते आणि टेबलावरच्या लिंबाने मोबाइल चार्ज होतो, हे दोन्ही एकाच ग्रुपवर येतं.

आजीला मी ए. ललितांबद्दल सांगितलं. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. तरी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या आणि पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामात होत्या. आजी म्हणाली, "तिला कुणी करू दिलं म्हणून." म्हटलं, तेच तर म्हणतेय. आजीने भाजी निवडायला घेतली.

भाची वर पंख्याकडे बघत होती. "आत्या, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन बोर्डातून येतच नाहीत?"

"नाही. पंख्याच्या तारेतले बहुतेक पंख्यासोबत कारखान्यातूनच आलेत."

"मग बिल कशाचं येतं?"

झोके द्यायचं. युनिट हे इलेक्ट्रॉनांचं माप नाही, ऊर्जेचं आहे: १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तिने फ्रिजवरचं चुंबक काढून बिल आणलं आणि युनिटचा रकाना शोधू लागली.