ट्यूब प्रीअँपमध्ये बायस लावायचा स्क्रू का नसतो?

व्हॅक्यूम ट्यूबचा (निर्वात नळीचा) प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल पॉवर अँप्लिफायरकडे जाण्याआधी मोठा करणारं यंत्र, पहिल्यांदा उघडून बघणारे बहुतेक जण एकच गोष्ट शोधतात: बायस, म्हणजे नळीतून किती प्रवाह जावा हे ठरवणारं ग्रिडवरचं स्थिर व्होल्टेज, कुठून लावायचा? पॉवर अँप्लिफायरमध्ये त्यासाठी अनेकदा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) असतो, मग इथेही असणार असं वाटतं. प्रीअँपमध्ये तो सहसा सापडत नाही. जुळवणीची एकेक जबाबदारी ऐकणाऱ्याच्या हातातून सुटून सर्किटच्या आत कशी गेली, या इतिहासात त्याचं कारण आहे.

ली डी फॉरेस्ट यांची ऑडिऑन ही नळी १९०६ ची. तिच्यात थोडी हवा शिल्लक राहायची, त्यामुळे दोन नळ्या सारख्या वागतील याची खात्री नसे. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये हॅरॉल्ड आर्नल्ड आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयर्विंग लँगम्युअर यांनी काही वर्षांतच नळी चांगली निर्वात करून दाखवली. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन लाइन सुरू झाली ती या सुधारलेल्या नळ्यांच्या जोरावर. आकडे मांडून सर्किट आखणं आता शक्य झालं होतं.

तरी विसाच्या दशकातल्या रेडिओवर जुळवणीचं काम ऐकणाऱ्याकडेच होतं. इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापत्या फिलामेंटला एक बॅटरी, ते गोळा करणाऱ्या प्लेटला दुसरी, मधल्या जाळीच्या, म्हणजे त्यांना आवरणाऱ्या ग्रिडच्या बायसला तिसरी. फिलामेंटचा प्रवाह ऱ्हिओस्टॅट फिरवून कमी-जास्त करायचा, आणि बायस हवा तेवढा मिळावा म्हणून बॅटरीच्या वेगवेगळ्या टोकांना वायर लावून बघायची. पुढे फिलामेंटपासून वेगळा, अप्रत्यक्षपणे तापवलेला कॅथोड आला; इलेक्ट्रॉन आता तो सोडू लागला, फिलामेंट फक्त हीटर उरलं आणि चित्र बदललं. कॅथोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक रेझिस्टर टाकला की नळी स्वतःच स्वतःला सावरते. प्रवाह वाढला की कॅथोडवरचं व्होल्टेज वाढतं, त्याच्या तुलनेत ग्रिड आणखी ऋण होतो आणि प्रवाह खाली येतो. बायसची बॅटरी गेली आणि तिच्यासोबत तो स्क्रूही गेला.

प्रीअँपमधल्या सर्वात ओळखीच्या नळीवर, १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३ वर, हे नीट बघता येतं. सप्लाय २५० व्होल्ट, प्लेटला १०० किलोओम, कॅथोडला दीड किलोओम असेल तर कॅथोडवर साधारण १.३ व्होल्ट दिसतात. भागाकार केला की प्रवाह ०.८७ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. म्हणजे प्लेटच्या रेझिस्टरवर ८७ व्होल्ट पडतात आणि प्लेटवर १६३ च्या आसपास राहतात. एवढ्या दोन रीडिंगवरून नळीची तब्येत कळते. कॅथोडचं व्होल्टेज बरंच उतरलं असेल तर नळी थकली आहे. तिथे रेझिस्टर बदलत बसू नये, नळी बदलावी. मीटर लावताना एक हात सर्किटपासून लांब ठेवा, आणि यंत्र बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर रिकामे झाल्याची मोजून खात्री करा. हे व्होल्टेज जीव घेऊ शकतं.

बायस सुटला तरी दुसरी डोकेदुखी वाढत होती. तबकडीवरच्या सुईची थरथर सिग्नलमध्ये बदलणारे क्रिस्टल पिकअप व्होल्टाच्या आसपास सिग्नल द्यायचे, त्यांना प्रीअँपची गरजच नव्हती. चाळीसच्या दशकात मॅग्नेटिक पिकअप रुळले आणि सिग्नल मिलिव्होल्टांवर आला. त्यात तबकडी कापताना खालचे स्वर दाबायचे, वरचे उचलायचे, ही रीत प्रत्येक कंपनीची वेगळी होती. १९४८ मध्ये कोलंबियाची एलपी आली, पुढच्या वर्षी आरसीएची ४५ फेऱ्यांची तबकडी, आणि गोंधळ आणखी वाढला. म्हणून त्या काळच्या चांगल्या प्रीअँपच्या दर्शनी पट्टीवर टर्नओव्हर (दाबलेले खालचे स्वर कुठून उचलायचे) आणि रोलऑफ (उचललेले वरचे स्वर किती दाबायचे) अशी दोन बटणं असायची, आणि तबकडी बदलली की सेटिंगही बदलावं लागायचं.

१९५४ मध्ये आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची एकच वक्ररेषा ठरली. ती कुठे वळते हे सांगणारे कालांक: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. हे तीन आकडे रेझिस्टर-कपॅसिटरांत बसवले की बटणांची गरज उरत नाही. १९५८ च्या मरांट्झ ७ या प्रीअँपमध्ये रेझिस्टर-कपॅसिटरांचं हे जाळं फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग मागे इनपुटकडे नेण्याच्या वाटेवर बसवलेलं आहे. ऋण फीडबॅकची, म्हणजे हा भाग उलटा करून परत देण्याची कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली होती, तीही टेलिफोन लाइनच्या कामासाठी. फीडबॅक पुरेसा असेल तर नळी जुनी झाली तरी गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) फारसा हलत नाही. माझ्या मते ट्यूब प्रीअँपला खरं स्थैर्य या कल्पनेने दिलं, आणि नळीच्या ब्रँडवर होणाऱ्या चर्चेत तिला फारच कमी जागा मिळते.

वक्ररेषा तपासायची तर खात्रीचा सिग्नल हवा. तो स्वस्तात मिळू लागला १९३९ पासून, ह्यूलेट आणि पॅकार्ड यांच्या पहिल्या ऑसिलेटरमुळे (मोजमापासाठी सिग्नल तयार करणारं यंत्र). त्यात एक छोटा दिवा होता. तापला की त्याचा रोध वाढे आणि सिग्नलची उंची आपोआप स्थिर राही. वॉल्ट डिस्ने स्टुडिओने त्याच्या सुधारित मॉडेलचे आठ नग घेतले होते. आजही पद्धत तीच आहे. १००० हर्ट्झला सुमारे ५ मिलिव्होल्ट देऊन आउटपुट शून्य डेसिबल धरायचं. मग ५० हर्ट्झला ते १७ डेसिबल वर आणि १०,००० ला १३.७ डेसिबल खाली दिसलं पाहिजे. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजावी, कारण दोघींमधला फरक कान आधी पकडतो.

हीटरला समांतर जोडलेला हम पॉट (हीटरमुळे येणारी गुणगुण मारायचा फिरता रेझिस्टर) मात्र हाताने फिरवायचाच राहिला. व्हॉल्यूम वाढवून, इनपुट शॉर्ट करून, गुणगुण सर्वात कमी होईल तिथे तो थांबवायचा. ५० हर्ट्झच्या विजेवर गुणगुण ५० ची असेल तर संशय हीटरवर किंवा ग्राउंडच्या वायरिंगवर. १०० ची असेल तर सप्लायच्या फिल्टरवर, आणि तिथे हा पॉट कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

टर्नओव्हर आणि रोलऑफची बटणंही पूर्ण संपली नाहीत. ७८ फेऱ्यांच्या आणि सुरुवातीच्या एलपी तबकड्या जतन करणाऱ्यांसाठी ती असलेले प्रीअँप अजून बनतात, कारण त्या तबकड्या आरआयएएवर वाजवल्या तर मूळ आवाजाचा तोल बिघडतो.