वाहन मालकी हस्तांतरण

विकलेल्या किंवा वारशाने आलेल्या वाहनाची नोंदणी जुन्या मालकाच्या नावावरून नव्या मालकाच्या नावावर करून घेण्याची कायदेशीर प्रक्रिया. बोलण्यात 'गाडी नावावर करणे', तर आरटीओच्या आवारात नुसते 'टीटी'. भारतात ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ठरावीक नमुन्यांवर चालते.

पैसे मिळाले, किल्ली आणि आरसी बुक दिले, की व्यवहार मिटला असे विकणाऱ्याला वाटते. वस्तुविक्रीच्या कायद्याने पाहिले तर ते चूकही नाही. मोटार ही जंगम वस्तू, तिची मालकी विक्रीबरोबर बदलू शकते. पण अपघात झाला आणि भरपाईचा दावा उभा राहिला, की मोटार वाहन कायद्याची व्याख्या लागू होते : ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकालात काढलेल्या एका प्रकरणात पहिल्या मालकाने गाडी २००७ मध्येच विकली होती. पुढेही ती हातोहात विकली गेली, पण नाव कोणीच बदलले नव्हते. २००९ मध्ये त्या गाडीखाली सापडून एकाचा जीव गेला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने दफ्तरी नाव असलेल्या त्या पहिल्या मालकावरच ठेवली. म्हणून टीटी हे घेणाऱ्याचे काम, विकणाऱ्याने त्यात कशाला पडायचे, हा समज घातक आहे. नाव लागेपर्यंत खरी जोखीम विकणाऱ्याची असते. ई-चलन त्याच्याच नावाने निघते आणि गाडी एखाद्या गुन्ह्यात सापडली तर पोलीसही आधी त्याच्याच दारात येतात.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ भरून कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० द्यायचा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेकडून नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन 'एचपी उतरवावी', म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद काढून घ्यावी लागते. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच राहिलेले असते, आणि ते नेमके गिऱ्हाईक दारात आल्यावर लक्षात येते. अर्ज आता परिवहन विभागाच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीवर भरले जातात.

कागदांमधला एक कागद मात्र अजून हातानेच होतो : चॅसी प्रिंट. गाडीच्या चॅसीवर, म्हणजे मूळ सांगाड्यावर, कोरलेला क्रमांक कापडाने पुसून घ्यायचा, त्यावर पातळ कागद घट्ट धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच घासायची. एकेक अक्षर पांढरे उमटत जाते. हा ठसा आरसीवरच्या क्रमांकाशी जुळला, म्हणजे कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच.

या व्यवहारातली सर्वांत वाईट सवय म्हणजे कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या. घेणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, खाली फक्त विकणाऱ्याची सही. असे फॉर्म घेऊन मधला माणूस गाडी पुढे कोणालाही, कधीही विकू शकतो. हा प्रकार रोखण्यासाठी जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत परवाना घेण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. परवानाधारक विक्रेत्याकडे गाडी दिली तर तशी सूचना नोंदवता येते आणि त्या काळापुरता विक्रेताच मालक मानला जातो. ओळखीतल्या माणसाला गाडी देतानाही तारीख, वेळ आणि त्याची सही असलेली ताबापावती करून घ्यावी आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा. घेणाऱ्याला याचा राग आला तरी चालेल.

राज्याच्या आत नंबर बदलत नाही. 'एमएच-१२'ची गाडी कोल्हापुरात विकली तरी 'एमएच-१२'च राहते. मात्र ती गोव्यात कायमची जाणार असेल तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) घेऊन तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि करही तिथलाच भरावा लागतो.

विम्याचे गणित वेगळे. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर जाते, तरी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. न केलेल्या दाव्यांबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे 'नो क्लेम बोनस', माणसाची असते, गाडीची नव्हे. विकणाऱ्याला ती आपल्या पुढच्या गाडीसाठी वापरता येते.

मालकाचे निधन झाल्यास वारसाने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ सादर करायचा असतो. तोवर गाडी वापरता येते. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीची नोंद करण्याची सोय झाली असून ती नोंद नवीन गाडी घेताना किंवा नंतरही करता येते.