ओबेलिस्क

एकाच अखंड शिळेतून घडवलेला, चौकोनी तळाचा, वर निमुळता होत जाणारा आणि टोकाला छोट्या पिरॅमिडसारखा आकार असलेला उंच स्तंभ म्हणजे ओबेलिस्क. हा वास्तुप्रकार प्राचीन ईजिप्तमधला. तिथे त्याला ‘तेखेन’ म्हणत. पुढे रोमन, बायझंटाईन, फ्रेंच, इंग्रज आणि अमेरिकन अशा अनेकांनी हे स्तंभ आपापल्या शहरांत नेले किंवा त्यांच्या नकला उभारल्या. पाहणाऱ्याची नजर साहजिकच शेंड्याकडे जाते. मात्र स्तंभाच्या अंगावर फेअरोचे, म्हणजे ईजिप्तच्या राजाचे, शब्द असतात, तर तो वाहून नेणाऱ्यांचे शब्द असतात खालच्या चौथऱ्यावर. या स्तंभांचा नंतरचा प्रवास चौथऱ्यांवरच वाचायला मिळतो.

ईजिप्शियन सृष्टिकथेत आदिजलातून वर आलेल्या पहिल्या उंचवट्याला ‘बेनबेन’ म्हणत. सूर्योपासनेचे केंद्र असलेल्या हेलिओपोलिस नगरीत त्याचे प्रतीक म्हणून एक पवित्र शिळा पूजली जाई. ओबेलिस्कचे टोक याच शिळेची आठवण जागवते. टोकावर सोन्याचा किंवा सोने-चांदीच्या मिश्रधातूचा पत्रा मढवलेला असे, त्यामुळे उगवत्या सूर्याचे पहिले किरण तिथे झळकत. देवळाच्या महाद्वारापुढे हे स्तंभ बहुधा जोडीने उभे केले जात. हेलिओपोलिसच्या जागी, म्हणजे आजच्या कैरोच्या मतरिया भागात, पहिल्या सेनुसरेतने उभारलेला सुमारे २१ मीटर उंचीचा स्तंभ जवळजवळ चार हजार वर्षे मूळ जागी उभा आहे. उभ्या असलेल्या मोठ्या ओबेलिस्कांत तो सर्वांत जुना.

दगड बहुतेक दक्षिण ईजिप्तमधल्या आस्वानचा, तांबूस ग्रॅनाइट. त्या काळच्या तांब्याच्या छिन्न्यांना हा दगड दाद देत नसे, म्हणून त्याहून कठीण डोलेराइटचे गोटे आपटून आपटून तो चुरत नेत. भोवती चर पडला की खालची बाजू मोकळी करायची, आणि त्यानंतर कित्येक टनांची ती शिळा नदीपर्यंत ओढत न्यायची. हे काम मध्येच थांबले तर काय दिसते, ते आस्वानच्या खाणीतच पाहावे. तिथे सुमारे ४२ मीटर लांबीचा एक ओबेलिस्क खडकाला चिकटून आडवा पडला आहे. पुरा झाला असता तर त्याचे वजन हजार टनांच्या पुढे गेले असते आणि तो सर्वांत मोठा ठरला असता. घडवताना दगडाला भेगा गेल्या आणि काम सोडून द्यावे लागले. कारागिरांच्या गोट्यांच्या खुणा त्या चरात अजून स्पष्ट दिसतात. रेजिनल्ड एंगलबाख यांनी १९२२ मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास केला, आणि ओबेलिस्क घडवण्याच्या तंत्राबद्दल आज जे कळते त्यातले बरेचसे या अपुऱ्या कामामुळेच. तयार स्तंभ नदीतून कसे जात, ते देर अल-बहरी येथील हॅटशेपसुट राणीच्या मंदिरातल्या शिल्पपटावर कोरले आहे: एका प्रचंड तराफ्यावर दोन ओबेलिस्क, आणि तो ओढणाऱ्या वल्हवत्या होड्यांच्या रांगा.

कर्नाकच्या मंदिरात हॅटशेपसुटचा एक स्तंभ आजही उभा आहे. उंची सुमारे २९ मीटर, वजन ३०० टनांहून जास्त. खाणीपासूनचे काम सात महिन्यांत पुरे झाले, असे तिच्या लेखात नोंदले आहे. पुढच्या काळातले लोक हे पाहून काय म्हणतील, याचा विचारही तिने त्याच लेखात बोलून दाखवला आहे. सत्तेच्या घोषणांनी भरलेल्या राजलेखांत इतका मनमोकळा सूर विरळाच. तिच्यानंतर गादीवर असलेल्या तिसऱ्या थुतमोसने स्तंभाचा बराच भाग भिंतीआड दडवला.

रोमने ईजिप्त जिंकले आणि ओबेलिस्कांचा प्रवास सुरू झाला. रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. १० च्या सुमारास दोन स्तंभ रोमला नेले. त्यांतल्या एकाची सावली खालच्या फरसबंदीवरील रेषेवर पडे आणि त्यावरून वर्षातला काळ ओळखता येई. कॅलिग्युलाने आणलेला स्तंभ ज्या जहाजातून आला ते इतके अवाढव्य होते, की क्लॉडिअसने पुढे ते बंदराच्या तोंडाशी बुडवून त्यावर दीपगृहाचा पाया घातला. आज रोममध्ये तेरा प्राचीन ओबेलिस्क उभे आहेत. ईजिप्तमध्ये मूळ जागी उरलेले यापेक्षा कमी भरतील. रोममधल्या तेरांपैकी काही मात्र रोमन काळातच घडवलेले आहेत. सर्वांत उंच, ३२ मीटरचा, लॅटेरन चौकात आहे. तो तिसऱ्या थुतमोसच्या काळात घडवला गेला, ३५ वर्षे कर्नाकला पडून राहिला आणि चौथ्या थुतमोसने उभा केला. कॉन्स्टँटिअस दुसरा याने तो इ.स. ३५७ मध्ये रोमच्या रथशर्यतींच्या मैदानात उभारला. पुढे तो पडला, गाडला गेला आणि १५८७ मध्ये तीन तुकड्यांत सापडला.

पाचव्या सिक्स्टस पोपने असे स्तंभ पुन्हा उभारण्याचा धडाकाच लावला. सेंट पीटर चर्चच्या बाजूला उभा असलेला कॅलिग्युलाचा स्तंभ १५८६ मध्ये समोरच्या चौकात आणायचा होता. दोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने लाकडी मनोरा, चाळीसच्या आसपास रहाट, घोडे आणि सुमारे नऊशे माणसे कामाला लावली आणि तीनशेहून अधिक टनांचा तो दगड अभंग हलवला. शेंड्यावर क्रूस बसला. सूर्यदेवाचा दगड ख्रिस्ती झाल्याची ग्वाही नव्या चौथऱ्यावरचे लॅटिन लेख देतात.

माझ्या मते सर्वांत बोलका चौथरा इस्तंबूलचा. थिओडोसिअस सम्राटाने इ.स. ३९० मध्ये तिसऱ्या थुतमोसचा स्तंभ तिथल्या रथशर्यतींच्या मैदानात उभा केला. चौथऱ्यावर सम्राट कुटुंबासह शर्यत पाहतो आहे, खालच्या पट्टीत दोर ओढून स्तंभ उभा करण्याचे दृश्यही आहे. हे काम तीस दिवसांत झाले असे लॅटिन लेख सांगतो, ग्रीक लेख बत्तीस म्हणतो. काम पार पाडणाऱ्या प्रोक्लस या अधिकाऱ्यावर पुढे राजाची खप्पा मर्जी झाली. त्याचे नाव दगडावरून खोडले गेले आणि नंतर पुन्हा कोरले गेले.

एकोणिसाव्या शतकात ही चढाओढ युरोप-अमेरिकेत पोचली. लक्सरच्या मंदिरासमोरच्या जोडीतला एक स्तंभ ईजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अलीने फ्रान्सला दिला. २५ ऑक्टोबर १८३६ रोजी तो पॅरिसमध्ये उभा राहिला. त्याच्या चौथऱ्यावर फ्रान्सच्या राजाची स्तुती आहेच, शिवाय आपोलिनेर लबा या अभियंत्याने वापरलेल्या यंत्रांच्या आकृत्याही सोनेरी रंगात कोरल्या आहेत. जोडीतला दुसरा लक्सरला एकटाच राहिला. लंडनचा स्तंभ लोखंडी नळकांड्यासारख्या नावेत घालून समुद्रमार्गे नेला जात होता. ऑक्टोबर १८७७ मध्ये बिस्केच्या उपसागरातल्या वादळात सहा खलाशी गेले. त्यांची नावे थेम्सकाठच्या त्या चौथऱ्यावर आहेत. त्याचा जोडीदार १८८१ मध्ये न्यूयॉर्कला उभा राहिला. दोघांनाही ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणतात. क्लिओपात्राच्या जन्माआधी हजार-दीड हजार वर्षे ते घडले होते, तिचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

आकाराने लहान, पण ज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा ठरला तो फायली बेटावरचा ओबेलिस्क. विल्यम बँक्स यांनी तो इंग्लंडला नेला. चौथऱ्यावर ग्रीक आणि अंगावर चित्रलिपी असल्यामुळे टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही नावे ताडून पाहता आली, आणि फ्रेंच विद्वान शाँपोलिओंने १८२२ मध्ये जी लिपी उलगडली त्यात त्याचा हातभार लागला. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या यानाला ‘फायली’ हे नाव त्यावरूनच मिळाले.

पुढे नुसता आकार घेऊन ओबेलिस्क बांधले गेले. वॉशिंग्टनचे १६९ मीटर उंचीचे स्मारक (१८४८–१८८४) अखंड शिळेचे नाही, चिऱ्यांचे आहे. महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे कोरेगाव भीमाचा जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो पेशव्यांच्या फौजेविरुद्धच्या आपल्या कामगिरीची खूण म्हणून उभारला. त्यावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरली असून त्यांत महार सैनिकांची नावे मोठ्या संख्येने आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. कंपनीची खूण तेव्हापासून आंबेडकरी समाजासाठी स्वाभिमानाची झाली, आणि ते घडले या कोरलेल्या नावांमुळेच.

इथिओपियातील अक्सुमचे स्तंभ शास्त्रशुद्ध अर्थाने ओबेलिस्क नव्हेत, कारण त्यांची टोके गोलसर असतात. पण नेण्या-आणण्याच्या कथेत त्यांना वगळता येत नाही. २४ मीटरचा एक स्तंभ मुसोलिनीच्या राजवटीने १९३७ मध्ये रोमला नेला. २००५ मध्ये तो तीन भागांत विमानाने परत आला आणि २००८ मध्ये अक्सुमला पुन्हा उभा राहिला. खुद्द ईजिप्तनेही आता जुने तुकडे जोडायला घेतले आहेत. तानिस येथील दुसऱ्या रॅमसीझचा एक स्तंभ २०२० मध्ये कैरोच्या तहरीर चौकात उभा राहिला. गिझाजवळच्या नव्या भव्य संग्रहालयासमोर याच राजाचा आणखी एक ओबेलिस्क उंच आधारांवर पेलून धरला आहे, म्हणजे खालून चालत जाणाऱ्याला दगडाच्या तळाशी कोरलेली राजमुद्रा वर मान करून वाचता येते.