'आतली' कला म्हणजे कुणाच्या आतली? ताई ची, शिंगयी, बागुआ यांची पार्श्वभूमी

सकाळी बागेत संथपणे हात फिरवणारी मंडळी सगळ्यांनी बघितलीयेत, त्यामुळे ताई ची म्हणजे काय ते सांगत बसत नाही. घोळ आहे तो लेबलचा. ताई ची, शिंगयी आणि बागुआ या तिन्ही चिनी युद्धकलांना मिळून चिनीत 'नेइजिया' म्हणतात, म्हणजे आतल्या घराण्याच्या कला, आणि शाओलिन मठातली कुंग फू वगैरे 'वायजिया', बाहेरच्या घराण्याच्या. क्लासमध्ये याचा अर्थ सोपा करून सांगतात, आत म्हणजे प्राणशक्ती आणि बाहेर म्हणजे मसल. ऐकायला छान वाटतं, पण हा शब्द पहिल्यांदा जिथे सापडतो तिथे राजकारणाचा वास येतो.

साल 1669. चीनमधलं मिंग राज्य पडून 25 वर्षं झालेली, बीजिंगच्या गादीवर ईशान्येकडून आलेले परके मांचू बसलेले. मांचूंशी लढून हरलेला आणि नंतर त्यांची नोकरी नाकारणारा एक विद्वान आपल्या ओळखीच्या एका मुष्टियोद्ध्याचा समाधीलेख लिहितो. त्यात म्हणतो की शाओलिनची कला नावाजलेली, पण तिचा भर हल्ल्यावर, म्हणून समोरच्याला तिच्यावर मात करायला जागा मिळते, आणि दुसरी एक 'आतली' कला आहे जी स्थिर राहून हालचालीला आवरते, हात लागला की समोरचा पडलाच. ही कला म्हणे वूदांग डोंगरावरच्या एका दाओ (ताओ) पंथाच्या साधूला स्वप्नात देवाने शिकवली आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने शंभराहून जास्त दरोडेखोर मारले!

आता यात ध्यान, आरोग्य, प्राणशक्ती कुठेच नाही. काही इतिहासकार हा लेख सरळ टोमणा म्हणून वाचतात: बाहेरचे म्हणजे मांचू, जोरावर आलेले, आणि आतले म्हणजे आपण चिनी, शांत राहून उलथवणारे. दुसरा एक अर्थ असा की दाओ पंथ चीनच्या मातीतला म्हणून आतला, आणि शाओलिन बौद्ध मठ, बौद्ध धर्म भारतातून आलेला, म्हणून बाहेरचा. म्हणजे या हिशोबात 'बाहेरचे' कोण, तर आपणच 😄 आणि आपल्याकडे मात्र बोधिधर्म या भारतीय बौद्ध भिक्षूने कुंग फू चीनला नेलं म्हणून कॉलर ताठ करतात, ती गोष्टसुद्धा 17व्या शतकातल्या एका व्यायामाच्या पुस्तकाआधी सापडत नाही. मला स्वतःला राजकीय अर्थ जास्त पटतो.

त्याच विद्वानाच्या मुलाने 1676 च्या सुमारास ती आतली कला लिहून ठेवली, तीही ही आता आपल्याबरोबर संपणार अशा खंतीने. तिचा आणि आजच्या ताई चीचा धागा जोडणारा पुरावा नाहीये. ताई चीचा माग निघतो तो हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावात, 17व्या शतकातल्या एका निवृत्त लष्करी माणसापर्यंत, आणि तिथल्या जुन्या शैलीत आजही उड्या आहेत, पाय आपटणं आहे, धाडकन फुटणारा ठोसा आहे. 19व्या शतकात एक बाहेरगावचा शिष्य तिथे शिकला, बीजिंगला गेला, मांचू सरदारांना शिकवायला लागला, आणि त्याच्या नातवाच्या काळापर्यंत सगळं संथ, मोठं, गुळगुळीत झालं. जगभर पसरलं ते हे नातवाचं रूप.

मग या तिन्हींना एकत्र कुणी आणलं? परंपरेत सांगतात की 1894 मध्ये बीजिंगच्या काही उस्तादांनी, कुणी शिंगयीवाला, कुणी बागुआवाला, कुणी ताई चीवाला, आपसात मैत्री केली, एकमेकांचे शिष्य घेतले आणि जुना नेइजिया शब्द वर चिकटवला. त्याआधी शिंगयी (भाल्याच्या हालचालींवर बेतलेली, सरळ घुसणारी) आणि बागुआ (गोल गोल चालण्याची) यांचं ताई चीशी काही घराण्याचं नातं नव्हतं. 1928 ला नानजिंगमध्ये सरकारी पाठबळावर राष्ट्रीय संस्था उघडली तेव्हा तर हे लेबल चक्क डिपार्टमेंट झालं, एक वूदांग विभाग आणि एक शाओलिन विभाग. दोन्हींच्या मास्तरांत इतकी जुंपली की प्रकरण हातघाईवर आलं आणि थोड्याच काळात ती विभागणीच रद्द करावी लागली. पण शब्द काही गेला नाही.

मधेच दुसरा गुंता सांगतो, कारण तो कायम राहून जातो. ताई ची मधला 'ची' म्हणजे प्राणशक्ती नाही. तो वेगळा अक्षर-शब्द आहे, खरा उच्चार 'जी'कडे झुकणारा, मूळ अर्थ घराचं आढं, त्यावरून परम टोक. प्राणाचा ची वेगळा. जुन्या रोमन स्पेलिंगमधली टिंबटोकं गळाली आणि दोन्ही सारखे दिसायला लागले. (मराठीत तर तिसराच घोळ, ताईची कसली कला विचारतात लोक.)

आरोग्याचा शिक्का पक्का बसला तो 1956 ला. नव्या सरकारच्या क्रीडा खात्याने काही शिक्षक बसवून त्या नातवाच्या लांबलचक फॉर्ममधली (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींमधली) रिपीट काढून 24 हालचालींचा छोटा फॉर्म बनवला, पाच-सहा मिनिटांत संपणारा, कारखान्यात, शाळेत, कुठेही शिकवता येईल असा. जुने लोक म्हणतात, यात दात काढून घेतले. मला तो आरोप अर्धाच खरा वाटतो, कारण तो फॉर्म नसता तर आज इतके लोक ताई ची करत नसते. पण जोडीने करायचा सराव, 'ढकलते हात', तो बऱ्याच ठिकाणी मागे पडला हेही खरंच.

त्याचा हिशोब 2017 ला निघाला. चेंगदूमध्ये एका एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा लढतीचा खेळ) फायटरने एका ताई ची मास्तरला अर्ध्या मिनिटाच्या आत आडवा केला, व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि अधिकारी चिडले ते जास्त त्या फायटरवरच. तीन वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये, ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत गेली. तिथे नाव नव्या स्पेलिंगने, 'जी' लावून लिहिलंय. क्लासच्या बोर्डावर अजून 'ची' आहे आणि खाली ब्रॅकेटमध्ये प्राणशक्ती.