गळती, शालेय

शाळेत नाव दाखल झालेल्या मुलाने शिक्षणाचा ठरलेला टप्पा पुरा होण्याआधी शाळा सोडणे, याला शिक्षणशास्त्रात गळती म्हणतात. जुन्या मराठी शिक्षणविषयक लेखनात याच अर्थी ‘अपव्यय’ हा शब्द आढळतो. मूल एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे राहिले, तर त्याला ‘स्थगिती’ म्हटले जाई. या नोंदीत गळती हाच शब्द वापरला आहे. अपव्यय या शब्दाचा रोख वाया गेलेल्या खर्चावर आहे. शिवाय दोन-तीन वर्षे शाळेत येऊन अक्षरओळख झालेल्या मुलाचे शिकणे वाया गेले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

अपव्यय आणि स्थगिती ही जोडी भारतात रूढ झाली ती सायमन आयोगाच्या साहाय्यक शिक्षण समितीमुळे. फिलिप हारटॉग हे तिचे अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती, हा त्यातील आकडा पुढे अनेक दशके उद्धृत होत राहिला. तक्रार मात्र बरीच आधीची आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, शेतकरी कुटुंबांना गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मुले लागतात, म्हणून त्यांतील बरीच शाळेपासून दूर राहतात, असे स्पष्ट म्हटले आहे. उपाय म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे सुचवली, तसेच किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. मुळात न येणे आणि येऊन सोडणे असा भेद फुले करत नाहीत. त्यामुळे संज्ञा समितीची असली, तरी निदानाचे श्रेय फुले यांना देणे अधिक रास्त होईल.

हारटॉग समितीचा आकडा कसा काढला, यावर नंतर बरीच चर्चा झाली. समितीने एका वर्षीचा पहिलीचा पट घेतला, तीन वर्षांनंतरचा चौथीचा पट घेतला आणि दोहोंतील फरक गळती मानला. यातला दोष उदाहरणाने लवकर कळतो. समजा, एका गावात पहिलीच्या पटावर ५० मुले आहेत. त्यांतली २० गेल्या वर्षीचीच, पहिलीत पुन्हा बसलेली. खरी नवी मुले ३०. दरवर्षी हीच स्थिती राहिली आणि चौथीत १८ मुले असली, तर समितीच्या रीतीने १०० पैकी ३६ मुले टिकली असे निघते. नव्या मुलांच्या हिशेबाने ६० टिकली. स्थगितीने फुगलेली पहिली अशा रीतीने गळतीच्या खात्यात जमा होते. हा आक्षेप आता सर्वसाधारणपणे मान्य झालेला आहे. त्यातून निघणाऱ्या धोरणाबद्दल मात्र मतभेद राहिले. शाळा वाढवण्याआधी आहेत त्या सुधाराव्यात, असा समितीचा कल होता, शिक्षणतज्ज्ञ आर. व्ही. परुळेकर यांनी विस्तार थोपवण्याला विरोध केला आणि इतिहासाने त्यांचीच बाजू घेतली असे दिसते. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यात केलेल्या पाहण्या (१९५५) या विषयावरील आरंभीच्या भरीव कामांत मोडतात. शाळा सोडलेल्यांची साक्षरता टिकते का, हाही प्रश्न त्यांत तपासला आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी पुढे, मूल कोणत्याही वयात शाळेत येऊ शकावे आणि काम सांभाळून अर्धवेळ शिकू शकावे, अशी मांडणी केली.

मोजणीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. देशपातळीवरील ‘यू-डायस प्लस’ या शाळांच्या नोंदणीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवतात. त्याआधी शाळानिहाय एकूण आकडे जुळवले जात. महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्याच्या अंमलबजावणीत महिनाभराहून अधिक काळ सतत गैरहजर असलेले मूलही ‘शाळाबाह्य’ मानले जाते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली. शिक्षक वाड्या-वस्त्या, बसस्थानके, वीटभट्ट्या पालथ्या घालत होते आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावत होते. हाती आलेली संख्या फार कमी आहे, अशी टीका तेव्हाच झाली. जुलैत ऊसतोडणीचा हंगाम नसतो आणि ऊसतोड कामगारांची मुले गावी असतात, हे कारण त्या टीकेत पुरेसे पुढे आले नाही. वास्तविक ते सर्वांत वजनदार आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांची गळती हे या प्रश्नाचे महाराष्ट्रातील ठळक रूप होय. बीड जिल्हा आणि त्याला लागून असलेल्या दुष्काळी पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायची असते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. बारा-तेरा वर्षांचे मूल हिशेबात कुठेच नसते, पण फडात (तोडणी चालू असलेल्या उसात) असते. मोळ्या बांधायला, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करायला ते हाताशी लागते. त्याहून लहान मुलगी कोपीवर (तळावरच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळते आणि पाणी भरते. गावच्या शाळेत हजेरीपटावर नोव्हेंबरपासून त्या नावापुढे ‘गै’ची ओळ सुरू होते. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मूल परीक्षेच्या तोंडावर परत येते आणि वर्गाबरोबर पुढे ढकलले जाते. असे तीन-चार हंगाम गेले, की सहावी-सातवीच्या सुमारास ते परत येऊनही शाळेत येत नाही. नाव कमी होते ते त्यानंतर. म्हणजे कागदावर गळती ज्या वर्षी दिसते, त्याच्या कितीतरी आधी ती घडून गेलेली असते. अनेक पाहण्यांत शाळा सोडण्याचे कारण म्हणून ‘शिक्षणात रस नाही’ हे उत्तर वरच्या क्रमांकावर येते. चार हंगाम वर्गात काय चालले आहे ते न कळलेल्या मुलाचे ते उत्तर आहे, आणि ते कारण म्हणून नोंदवणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

यावर पहिला उपाय साखरशाळांचा झाला. कारखान्याच्या तळावरच हंगामापुरती शाळा भरे. परंतु टोळ्या विखुरलेल्या असत, शिवाय तळावर असलेले मूल सकाळी फडात जाईच. पुढे भर गावातच मूल राखण्यावर आला: हंगामी वसतिगृहे निघाली. आजी-आजोबांकडे राहून किंवा गावातच सोय करून मुलांना दोन्ही वेळचे जेवण मिळते आणि शाळा सुटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंत हा उपाय सरस आहे, मात्र वेळेवर त्याचे सर्वस्व अवलंबून आहे. टोळ्या निघण्याआधी मंजुरी आणि धान्य गावात पोचले, तर मुले राहतात. पंधरा दिवस उशीर झाला तर ती आई-बापांबरोबर निघून गेलेली असतात. स्थलांतर करावेच लागले, तर ‘शिक्षण हमी कार्ड’ दाखवून दाखल्याविना जवळच्या शाळेत बसता येते.

आदिवासी भागात घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांतील अंतर हे पहिली-दुसरीतील गळतीचे कारण मानतात; कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या मुलांबाबत ते विशेष जाणवते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू परिसरात कुरणशाळा चालवली. गुरे चरतात तिथेच शिकवायचे, ही तिची रीत. फुले यांनी नोंदवलेल्या अडचणीला इतके थेट उत्तर दुसरे क्वचितच मिळाले असेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांची वसतिगृहे आणि ‘कमवा व शिका’ ही पद्धतही याच ओळीत येते.

सक्तीचा मार्ग संस्थानांनी आधी चोखाळला. बडोद्यात १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालेली सक्ती १९०६ मध्ये सर्व राज्यभर झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ती जाहीर करून मुलास न पाठवणाऱ्या पालकास दंड ठेवला. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याचे तत्त्व आणले. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मुलास मागे ठेवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने ती वापरली. स्थगिती गळतीला जन्म देते, हे हारटॉग समितीपासून माहीत असता हा फेरविचार काळजी वाढवणारा आहे.

प्राथमिक टप्प्यावरील गळती आता बरीच घटली असून ती नववी-दहावीत सर्वाधिक आहे. कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते, माध्यमिक शाळा दूर असते आणि मुलींच्या बाबतीत लग्नाची बोलणी याच वयात सुरू होतात. शालेय पोषण आहार, वंचित गटांतील प्राथमिक शाळेतील मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता, एस.टी.चा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातील सायकली आणि बसगाड्या या योजना प्रसिद्ध आहेत. यांपैकी वाहतुकीच्या सोयी मुलींना माध्यमिक शाळेत टिकवण्यास उपयोगी पडल्याचे दिसते. एक रुपयाच्या भत्त्याबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण १९९२ च्या सुमारास ठरलेली ती रक्कम दीर्घकाळ तशीच राहिली. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. मुंबईत दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा आहेत.